म्हशीच्या मांसाची निर्यात: कागदांआधी चिलर पाहा

आधी पात्रता. गाय, बैल, वासरू यांचं मांस भारतातून बाहेर पाठवताच येत नाही. म्हशी-रेड्याचं चालतं, तेही हाड काढलेलं आणि अपेडाकडे (शेतमाल निर्यातीचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदलेल्या मांस प्रकल्पातलंच. स्वतःचा प्रकल्प नसेल तर अशा ठिकाणाहून माल घेऊन व्यापारी निर्यातदार म्हणून उतरता येतं.

हाडावर एवढा राग का? लाळ्या-खुरकूत. हा रोग आपल्याकडे अजून आहे आणि त्याचा विषाणू अस्थिमज्जेत, लसिका ग्रंथींत टिकून राहतो. स्नायूंत मात्र कत्तलीनंतर आम्ल तयार होतं, ते त्याला सोसत नाही. म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेप्रमाणे धड चिलरमध्ये, म्हणजे थंड खोलीत, 2 अंश सेल्सियसच्या वर किमान 24 तास टांगून ठेवतात, मग पाठीच्या लांब स्नायूत दोन्ही बाजूंना पीएच मोजतात (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त). तो 6 च्या खाली हवा. मीटरवर 6.1 दिसलं की ते धड या वाटेनं जात नाही. दमलेल्या, भेदरलेल्या जनावराचा पीएच नीट उतरतच नाही. ट्रकमध्ये कोंबून आणल्याचा हिशेब असा चिलरमध्ये चुकता होतो.

आता कागद. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा क्रमांक, ऑनलाइन मिळतो, शुल्क 500 रुपये. पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक लागतो. काही बदललं नसलं तरी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करायचा, नाहीतर निष्क्रिय होतो. मग अपेडाची आरसीएमसी, म्हणजे नोंदणी आणि सदस्यत्वाचं प्रमाणपत्र. पुढचं सगळं खेपेगणिक: पशुवैद्यकाच्या तपासणीवरचा आरोग्य दाखला, हलाल प्रमाणपत्र, लॅब रिपोर्ट, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट. पेटीवरचा प्रकल्प क्रमांक आणि दाखल्यावरचा क्रमांक एकच आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

एवढ्यानं बाजार उघडत नाही. मलेशियात पाठवायचं तर त्यांचं पशुवैद्यक खातं आणि हलालसाठी ‘जाकिम’ हे तिथलं सरकारी इस्लामी खातं, यांची प्रकल्पाला मंजुरी लागते. आरोग्याचे असे नियम करायला जागतिक व्यापार संघटनेचा 1995 चा करार मुभा देतो, फक्त त्यांना शास्त्रीय आधार हवा. (यात आपणही धुतल्या तांदळासारखे नाही: बर्ड फ्लूच्या नावाखाली अमेरिकी कोंबडी रोखल्याच्या वादात 2015 मध्ये भारत अपिलातही हरला.)

त्यामुळे प्रकल्पाला आगाऊ रक्कम देण्याआधी दोन गोष्टी मागा: ज्या देशात माल जायचा त्याचं मंजुरीपत्र आणि मागच्या महिन्याची पीएचची वही. वहीत सगळे आकडे 5.8 च असतील, तर ते मोजलेले नाहीत, नुसते लिहिलेले आहेत असं समजा आणि दुसरा प्रकल्प शोधा.