पाखंडी चार आणि आठचा टॅब
लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नवा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) घालायला कुणी पहिला पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, पाठवला की परत येणारं उत्तर बरेचदा ड्रायव्हर चालतो की नाही याबद्दल नसतंच. टॅबऐवजी स्पेस पडल्यात, नावात मधेच कॅपिटल अक्षर आलंय, ओळ फार लांब झालीय, असल्या तक्रारी असतात. या काटेकोरपणाचं मूळ लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी नव्वदच्या दशकात लिहिलेल्या एका छोट्या नियमावलीत आहे. तिचा सूर मुळातच भांडखोर. ग्नू या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे कोड लिहिण्याचे नियम छापून घ्या, वाचू मात्र नका, जाळून टाका, अशी तिची सुरुवात. ओळ आत सरकवणारा टॅब आठ अक्षरांचा. तो चारचा करू पाहणारे पाखंडी, म्हणजे पायची किंमत ३ ठरवायला निघाल्यासारखे. विनोद सोडला तर कारण साधं आहे. आठच्या टॅबने एकात एक अशा तीन पातळ्यांतच कोड फार उजवीकडे सरकतो आणि फंक्शन फार गुंतागुंतीचं झालंय हे डोळ्यांना लगेच दिसतं.

मग जास्त भांडणं ड्रायव्हरवरच का? कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कोडपैकी निम्म्याहून अधिक ड्रायव्हरच आहेत आणि त्यातले कित्येक चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या घरचे. कंपनी एकच कोड विंडोजसाठीही वापरते, म्हणून डेटाच्या प्रकारांना तिची स्वतःची नावं असतात, लॉकिंगच्या (एकाच वेळी दोघांनी डेटा बदलू नये यासाठीच्या) कोडवर स्वतःची वेष्टनं असतात, नावांना उपसर्ग चिकटवलेले असतात. त्यांच्या इमारतीत हे सगळं शहाणपणाचंच. पण कर्नलच्या आतला एखादा इंटरफेस (कोडच्या भागांमधला दुवा) बदलला, की तो वापरणारे सगळे ड्रायव्हर बदल करणाऱ्यालाच दुरुस्त करावे लागतात, आणि ते हार्डवेअर त्याने कधी पाहिलेलंही नसतं. प्रत्येक ड्रायव्हर वेगळ्या बोलीत लिहिलेला असेल तर तो माणूस अडलाच.

२००७ मध्ये चेकपॅच नावाची, पॅचची शैली तपासणारी पर्ल भाषेतली स्क्रिप्ट कर्नलमध्ये आली आणि नियमांना पहारेकरी मिळाला. २००८ मध्ये कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक, ग्रेग क्रोहा-हार्टमन यांनी कच्च्या ड्रायव्हरांसाठी ‘स्टेजिंग’ ही वेगळी डिरेक्टरी सुरू केली. तिथला ड्रायव्हर लोड केला की कर्नलवर एक डाग, म्हणजे इशाऱ्याची खूण, लागतो, आणि कोडमध्ये त्या डागाचं नावच ‘क्रॅप’ आहे. नवशिक्यांनी इथे हात साफ करायचा, ही कल्पना चांगली होती, पण तिने एक नवं दुखणंही आणलं. चेकपॅचच्या इशाऱ्यांवर बोट ठेवून केलेले, हार्डवेअरवर कधीच न तपासलेले पॅच येऊ लागले. जुन्या, चालत्या ड्रायव्हरवर असे पॅच कित्येक मेंटेनर, म्हणजे कोडचा एकेक भाग सांभाळणारे लोक, घेतच नाहीत. कोणती ओळ कुणी आणि का लिहिली याचा माग त्या सफाईखाली बुजतो. माझ्या मते त्यांचं बरोबर आहे.

सगळ्यात मोठी ठिणगी मात्र स्पेस-टॅबवरून पडली नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत एएमडी या चिप कंपनीने डिस्प्लेचा नवा कोड पुढे ठेवला, जवळपास ९३ हजार ओळींचा, आणि त्यात कंपनीचा स्वतःचा हार्डवेअर-अमूर्तीकरणाचा थर, म्हणजे हार्डवेअरचे तपशील झाकणारा मधला कोड. ग्राफिक्सचे मेंटेनर डेव्ह एअरली यांनी डिसेंबरमध्ये साफ नकार दिला: बाहेरच्याला हात लावता येणार नाही असा थर आम्ही सांभाळणार नाही. कोड बराच तासून झाल्यावर तो कर्नलच्या ४.१५ या आवृत्तीत आत आला. शैलीच्या नावाखाली चालणारा वाद खरं तर हाच असतो. कोड कुणाच्या मालकीचा?

मेंटेनरांमध्ये तरी एकमत कुठे होतं! कर्नलच्या नेटवर्किंग विभागात कोडमधल्या बहुओळी टिप्पणीची पहिली ओळ रिकामी सोडत नसत. २०१६ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी त्या पद्धतीवर तोंडसुख घेतलं, आणि पुढे ती सोडून दिली गेली. त्याच विभागात स्थानिक व्हेरिएबल लांब ओळीकडून आखूड ओळीकडे मांडायची रीत, म्हणजे उलटा ख्रिसमस ट्री, अजून आहे. ओळीच्या लांबीची ८० रकान्यांची (अक्षरांची) मर्यादा २०२० च्या मेमध्ये सैल झाली. चेकपॅच आता १०० पर्यंत गप्प बसतो, पण नियमावलीची पसंती ८० लाच आहे.

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ड्रायव्हरांचं सोंग आणखी वेगळं. कर्नलच्या ६.८ या आवृत्तीत रस्टमध्ये लिहिलेला पहिला इथरनेट फाय (नेटवर्क केबलचे सिग्नल हाताळणारी चिप) ड्रायव्हर आला. रस्टच्या कोडचं रूप रस्टफम्ट हे साधन ठरवतं, आणि त्याच्या मूळ सेटिंग्ज कर्नलने तशाच ठेवल्या आहेत. त्यात टॅब नाहीत. इंडेंटेशन, म्हणजे ओळ आत सरकवणं, चार स्पेसचं आहे.