सालाझारला गोवा का सोडवत नव्हता

फ्रेंचांनी 1954 मध्ये पाँडिचेरी सोडली. पोर्तुगीज मात्र गोव्यात 19 डिसेंबर 1961 पर्यंत ठाण मांडून होते. या हट्टाचं मूळ लिस्बनमधल्या राजवटीने आपल्या जनतेकडून मान्यता कशी मिळवली, त्यात आहे.

पोर्तुगालमध्ये 28 मे 1926 च्या बंडानंतर सत्ता लष्कराकडे आली, पण तिजोरी रिकामी होती. 1928 मध्ये कुइंब्रा विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक सालाझार अर्थमंत्री झाले. प्रत्येक खात्याचा खर्च नाकारण्याचा अधिकार आधी मागून घेतला आणि वर्षभरात शिलकी अंदाजपत्रक मांडलं. पुढची कित्येक वर्षं त्यांना हीच पुण्याई पुरली. 1932 मध्ये ते पंतप्रधान झाले. 1933 च्या राज्यघटनेवर सार्वमत घेतलं, त्यात मतदानाला न आलेल्यांचीही गणना होकारात केली! चर्चचा आशीर्वाद होता, गुप्त पोलिसांचा धाक होता.

तरी माझ्या मते सर्वांत खोल पाया साम्राज्याचा होता. वसाहती राखणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं मूळ स्वरूपच आहे, असं 1930 च्या वसाहत कायद्यात लिहिलं गेलं. जगभर वसाहती सुटू लागल्यावर 1951 मध्ये त्यांचं नाव बदलून ‘सागरपार प्रांत’ केलं. मग आमच्याकडे वसाहतीच नाहीत, असं संयुक्त राष्ट्रांना सांगता आलं. घरी हेच शिकवल्यावर गोव्यावर वाटाघाट कशी करणार? गोवा दिला तर अंगोला, मोझांबिकचं काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला असता.

याची किंमत गोवेकरांनी मोजली. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून तपासून घ्यावी लागे. गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं.

1958 मध्ये जनरल देल्गादो यांनी अध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि निवडून आल्यास सालाझारना काढून टाकू, असं उघड सांगितलं. गर्दी इतकी लोटली की पुढच्याच वर्षी थेट निवडणूकच रद्द झाली. अशा वेळी भूमी गमावणं राजवटीला झेपणारं नव्हतं. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य चालून येणार असं दिसताच, शरणागती पत्करू नका, असा आदेश लिस्बनहून आला. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो मोडून आपल्या माणसांचे प्राण वाचवले. त्यांना सैन्यातून काढण्यात आलं. गोवा मुक्त झाल्यावरही मुक्तिलढ्यातले मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगात होते, ते 1969 मध्ये सुटले. एप्रिल 1974 च्या क्रांतीत राजवट कोसळली आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरच्या करारात पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.