कमी बजेटचे संघ (बेसबॉल)

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये 30 संघ आहेत आणि खेळाडूंच्या पगारावर कोणी किती खर्च करावा याला कडक मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलेल्या संघाला कर भरावा लागतो, एवढेच; ज्याची ऐपत आहे तो कर भरतो आणि खर्च करतच राहतो. आयपीएलच्या मोठ्या लिलावाआधी सगळ्या संघांना सारखीच थैली ठरवून दिलेली असते, तशी सोय इथे नाही. 2002 साली न्यूयॉर्क यँकीजचा पगारखर्च सुमारे साडेबारा कोटी डॉलर होता आणि ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा जेमतेम चार कोटी. हंगामाअखेर दोघांच्याही नावावर 103 विजय होते.

हे कसे जमले याची सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आकडेवारीची आहे. 2001 नंतर ओकलंडचे बिनीचे खेळाडू सोडून गेले: जेसन जिआम्बी यँकीजकडे आणि जॉनी डेमन बॉस्टनकडे गेला. त्यांच्या तोलाचे खेळाडू विकत घेणे ओकलंडला परवडणारे नव्हते. तेव्हा जनरल मॅनेजर (संघबांधणीचा प्रमुख) बिली बीन आणि त्याचा सहायक पॉल डीपोडेस्टा यांनी बाजार कशाला कमी भाव देतो ते हुडकले. बेसबॉलमध्ये चार बेसची फेरी पुरी केली की एक धाव होते. चार चेंडू स्ट्राइक झोनबाहेर (बॅटरसमोरच्या ठरावीक चौकटीबाहेर) पडले आणि बॅटरने बॅट फिरवली नाही, की त्याला पहिला बेस फुकट मिळतो. याला ‘वॉक’ म्हणतात. बॅटिंग अ‍ॅव्हरेजमध्ये (इथे त्याचा अर्थ चेंडू मारून बेस गाठण्याचे प्रमाण) वॉक धरत नाहीत, त्यामुळे ज्याच्या अंगी नुसता धीर आहे असा खेळाडू स्वस्तात मिळे. पण नऊ इनिंगमध्ये संघाला 27च आउट मिळतात. आउट न होता बेसवर पोचणारा माणूस धावांची संधी वाढवतोच. कॅन्ससचा बिल जेम्स 1977 पासून स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून अशी गणिते मांडत होता. त्या काळी तो डबाबंद घेवड्याच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता!

स्कॉट हॅटेबर्ग हा या हिशेबाचा नमुना. कोपराच्या दुखापतीने त्याची कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) म्हणून कारकीर्द संपल्यात जमा होती; चेंडू धड फेकता येत नव्हता. पण वाईट चेंडूच्या मागे तो जात नसे. ओकलंडने त्याला पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षण करायला शिकवले. 4 सप्टेंबर 2002 रोजी कॅन्सस सिटीविरुद्ध 11-0 अशी आघाडी घालवून ओकलंड 11-11 वर आले, तेव्हा बदली बॅटर म्हणून उतरलेल्या याच हॅटेबर्गने होमरन (षटकारासारखा मैदानाबाहेरचा टोला) मारून सलग 20 वा विजय मिळवून दिला.

गोष्टीचा दुसरा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि खरे तर तोच जड आहे. टिम हडसन, मार्क मल्डर, बॅरी झिटो हे पिचर (चेंडू फेकणारे) आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) मिगेल तेहादा ओकलंडनेच घडवलेले होते. त्या वर्षी झिटोला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, तेहादा अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू ठरला. मेजर लीगच्या नियमाने खेळाडू सहा वर्षांच्या सेवेनंतरच फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या संघाकडे जायला मोकळा, होतो. पहिली तीनेक वर्षे तो साधारण किमान पगारावर खेळतो (2002 मध्ये दोन लाख डॉलर), पुढे लवादाने वाढ मिळते. गरीब संघाची पुंजी ती हीच सहा वर्षे. म्हणून मुदत संपण्याआधीच खेळाडू देऊन बदल्यात कोवळी पोरे घ्यायची. टॅम्पा बे रेजने 2018 मध्ये पिचर ख्रिस आर्चर पिट्सबर्गला देऊन टायलर ग्लास्नो आणि ऑस्टिन मेडोज घेतले, ते याच हिशेबाने.

नवी युक्ती फार दिवस झाकून राहत नाही. बॉस्टनने बिल जेम्सलाच सल्लागार नेमले आणि 2004 मध्ये 86 वर्षांनी वर्ल्ड सिरीज (विजेता ठरवणारी अंतिम मालिका) जिंकली. रेजला नावारूपाला आणणारा अँड्र्यू फ्रीडमन 2014 मध्ये धनाढ्य लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला. 2020 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये हेच दोन संघ समोरासमोर आले. सहाव्या सामन्यात रेज 1-0 ने पुढे असताना अप्रतिम खेळणाऱ्या ब्लेक स्नेलला 73 चेंडूंवरच काढले गेले, कारण तोच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की बॅटर त्याला ओळखू लागतात, असे आकडे सांगत होते. त्याच इनिंगमध्ये डॉजर्सने दोन धावा काढल्या आणि सामना 3-1 ने, सिरीजसकट, जिंकला.