हातमोज्यावरचा गरुड कागदावर उतरवताना

शिकारी पक्ष्याचं चित्र काढायचं म्हटलं की बहुतेकांच्या हाती पाळीव किंवा पिंजऱ्यातल्या पक्ष्याचाच फोटो लागतो. साहजिकच आहे. रानातला गरुड माणसाला जवळ फिरकू देत नाही. प्राणिसंग्रहालयातला, पुनर्वसन केंद्रातला किंवा प्रशिक्षकाच्या हातमोज्यावर बसलेला गरुड मात्र बुबुळापासून नखाच्या टोकापर्यंत सगळं निवांत बघू देतो. त्यातून एक समज पक्का होतो: फोटो खऱ्या पक्ष्याचा आहे, मग तो जसाच्या तसा उतरवला की चित्र बरोबर येणारच.

इथेच गडबड होते. चित्रकार पायातला चामडी पट्टा आठवणीने गाळतो, मागे डोंगर आणि ढग रंगवतो, पण पट्ट्यामुळे आलेली पायांची ठेवण, जाळीवर घासून झिजलेलं शेपूट आणि वाजवीपेक्षा लांब वाढलेली चोच तशीच राहते. पक्ष्यांची सवय असलेल्या नजरेला हा पक्षी बंदिवासातला आहे हे लगेच कळतं. अशा फोटोतली हाडांची प्रमाणं, डोळ्याची जागा, पायावरचे खवले आणि पिसांची मांडणी यांवर खुशाल भरवसा ठेवावा. चोचीची लांबी, पिसांच्या कडा, कातडीचा रंग आणि उभं राहण्याची ढब मात्र तपासून घ्यावी.

आधी अंतराचं गणित. पक्षी जवळ येऊ देतो म्हणून मोबाइल थेट त्याच्या तोंडासमोर नेला जातो. समजा कॅमेरा चोचीच्या टोकापासून 30 सेंटिमीटरवर आहे आणि चोचीच्या टोकापासून डोक्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर 12 सेंटिमीटर आहे. म्हणजे मागची कड कॅमेऱ्यापासून 42 सेंटिमीटरवर आली. 42 भागिले 30 म्हणजे 1.4. समोरून काढलेल्या या फोटोत डोक्याच्या मागच्या भागाच्या मानाने चोच 40 टक्के मोठी उमटते. तोच फोटो 3 मीटरवरून झूम करून काढला, तर 312 भागिले 300, म्हणजे फरक जेमतेम 4 टक्क्यांचा. लोक यासाठी लेन्सला दोष देतात, पण खरं कारण अंतर हेच असतं. हातमोज्यावरच्या पक्ष्याचा फोटो वरून काढला तर डोकं भलंमोठं आणि पाय इवलेसे दिसतात, तेही याच गणिताने. शक्य असेल तर किमान तीन मीटर मागे सरावं आणि कॅमेरा पक्ष्याच्या छातीच्या उंचीवर धरावा. जाळीतून फोटो घेताना लेन्स जाळीला जवळजवळ टेकवून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं की तारा दिसेनाशा होतात. पण त्या नाहीशा होत नाहीत, त्यांचा करडा पडदा सगळ्या फोटोवर पसरतो. अशा फोटोतला फिका काळा रंग जसाच्या तसा उचलू नये.

आता डोकं. गरुड, घारी, शिक्रे यांच्या डोळ्यावर हाडाची एक कड पुढे आलेली असते. तिच्यामुळे पक्षी रागावलेला वाटतो. ते हाड आहे, भावनेप्रमाणे वरखाली होत नाही. चित्रात ‘जास्त राग’ दाखवण्यासाठी ती कड आणखी तिरकी केली की कवटीच चुकते. मोहोळ घारीला अशी ठळक कड नसते, म्हणून तिचा चेहरा शांत दिसतो. बाहुली सगळ्याच शिकारी पक्ष्यांची गोल असते, मांजरासारखी उभी फट कुठेच नसते. अंधाऱ्या खोलीत काढलेल्या फोटोत ती मोठी असते, उन्हात बारीक होते. त्यामुळे खोलीतल्या फोटोवरून काढलेला पक्षी भर दुपारच्या आकाशात बसवला की डोळा विचित्र वाटतो आणि कारण पटकन सापडत नाही. ससाण्यांचं बुबुळ इतकं गडद तपकिरी असतं की दुरून अख्खा डोळा काळाच भासतो. त्यांना पिवळे डोळे दिले की चित्र संपलं. घुबडाचे डोळे हाडाच्या कड्यात घट्ट बसवलेले असतात, ते फिरत नाहीत. त्यामुळे घुबडाला डोळ्याच्या कोपऱ्यातून तिरकं बघायला लावू नये. बाजूचं बघायचं तर त्याला मानच वळवावी लागते. मानेत 14 मणके असल्याने ती सुमारे 270 अंशांपर्यंत वळते, पूर्ण गोल मात्र फिरत नाही.

चोच म्हणजे आत हाड आणि वर केराटिनचं आवरण. हे आवरण आपल्या नखांप्रमाणे सतत वाढत राहतं. रानात हाडं फोडताना, स्नायू ओढताना आणि फांदीवर चोच घासताना ते तितकंच झिजतं. पिंजऱ्यात मऊ मांसाचे तुकडे मिळाले की झीज कमी पडते आणि वरच्या चोचीचं टोक खाली लोंबू लागतं. मग सांभाळणाऱ्यांना ते कापून, कानशीने घासून आकारात आणावं लागतं. नुकतीच घासलेली चोच टोकाला बोथट, चौकोनी दिसते. बरेच दिवस न घासलेल्या चोचीच्या कडांना पापुद्रे सुटलेले असतात. यातलं काहीच चित्रात घ्यायचं नसतं. ससाण्याच्या वरच्या चोचीच्या दोन्ही कडांना एकेक दातासारखं टोक, म्हणजे ‘दात’ असतो आणि खालच्या चोचीत त्याला जुळणारी खाच असते. घासताना हा दात कधीकधी अर्धवट उडालेला असतो, म्हणून तो दुसऱ्या फोटोवरून तपासावा.

चोचीचा विषय निघालाच आहे तर व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या त्या प्रेरणादायी गोष्टीबद्दल. गरुड चाळिशीत डोंगरावर जातो, दगडावर आपटून चोच तोडतो, नखं आणि पिसं उपटतो आणि नवा होऊन आणखी तीस वर्षं जगतो म्हणे. आतल्या हाडासकट तुटलेली चोच पुन्हा येत नाही. चोच, नखं आणि पिसं यांपैकी काहीच नसलेला गरुड शिकार करू शकत नाही, तो उपाशी मरेल. रानात तिशी गाठलेला सोनेरी गरुडसुद्धा म्हाताराच म्हणायचा. ही गोष्ट व्याख्यानांत टाळ्या मिळवते, जीवशास्त्रात तिला जागा नाही.

आणि आता पाय. चित्र खरं फसतं ते इथे.

पक्ष्याचा गुडघा मागे वाकतो असं वाटतं, पण जो सांधा आपल्याला दिसतो तो गुडघा नसतोच, तो घोटा असतो. गुडघा वर, पोटाच्या पिसांत दडलेला असतो. घोट्याच्या खालची सरळ दांडी म्हणजे टार्सस. ती पावलाची हाडं एकत्र जुळून बनलेली आहे. पक्षी चालतो तो बोटांवर. पोटरीच्या स्नायूंपासून निघालेल्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या) घोट्याच्या मागून वळसा घेतात, टार्ससच्या मागच्या बाजूने खाली उतरतात आणि बोटांच्या तळाने नखाच्या हाडापर्यंत पोचतात. घोटा वाकला की त्या वळशाची लांबी वाढते. कंडरा काही तेवढी ताणत नाही, म्हणून ती बोटांना ओढते आणि बोटं मिटतात. घोटा सरळ झाला की ओढ सुटते.

एवढ्यावर संपत नाही. बोटाच्या तळाशी कंडरेच्या खालच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे असतात आणि ती ज्या आवरणातून सरकते त्याच्या आतल्या बाजूला आडव्या कडा असतात. बोटाखाली काही सापडलं आणि दाब पडला की उंचवटे कडांमध्ये अडकतात, केबल टायच्या पट्टीवरचे दात अडकतात तसे. मग स्नायूंनी जोर कमी केला तरी पकड सुटत नाही. सोडायचं असेल तर बोटं सरळ करणाऱ्या स्नायूंना वेगळं काम करावं लागतं. एक सावधगिरी इथे हवी. घोटा वाकल्याने बोटं आपोआप मिटतात, हे तत्त्व झोपलेल्या पक्ष्यांनाही सरसकट लावलं जायचं. 2012 मध्ये युरोपी स्टार्लिंगवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झोपलेल्या पक्ष्यांची बोटं फांदीभोवती सैलसरच वाकलेली आढळली. म्हणून पेंगणाऱ्या पक्ष्याची बोटं करकचून आवळलेली दाखवू नयेत.

चित्रासाठी याचा अर्थ काय? घोटा आणि बोटं यांना वेगवेगळ्या फोटोंतून उचलून जोडता येत नाही. झडप घालणारा ससाणा काढताना लोक हातमोज्यावर मिटलेलं पाऊल उचलतात आणि ते लांब ताणलेल्या पायाला जोडतात. प्रत्यक्षात झडपेच्या क्षणी पाय पुढे फेकलेले, घोटा उलगडलेला आणि चारही बोटं फाकलेली असतात. भक्ष्याला धडकल्यावर पाय दुमडतो आणि मग बोटं मिटतात. ताणलेला पाय आणि आवळलेली मूठ हे दोन्ही एकत्र दिसलं की ते चित्र दोन फोटो जोडून केलेलं आहे असं खुशाल समजावं.

बोटांतले सांधेही मोजून घ्यावेत. मागच्या बोटात 2 हाडं, आतल्यात 3, मधल्यात 4 आणि बाहेरच्यात 5, नखाचं हाड धरून. म्हणजे मागचं बोट नखाच्या मुळाशी एकदाच वाकतं, त्याला मध्ये दुसरा बाक नसतो. बाहेरच्या बोटातली काही हाडं गरुडांमध्ये इतकी आखूड असतात की तिथे वेगळे बाक दिसतच नाहीत, नुसती गोलाई दिसते. गरुडांची सर्वांत मोठी नखं मागच्या आणि आतल्या बोटाला असतात. ससाण्यांची बोटं लांब आणि सडपातळ असतात. गिधाडांची नखं बोथट असतात आणि पाय चालण्यासाठी घडलेले असतात, त्यांना गरुडाची पकड देऊ नये. घुबडं आणि मत्स्यगरुड बाहेरचं बोट मागे वळवू शकतात, त्यामुळे त्यांच्या फोटोत दोन बोटं पुढे आणि दोन मागे दिसली तर ती चूक नाही.

हातमोज्यावरच्या पक्ष्याचे पट्टे प्रशिक्षकाच्या बोटांत धरलेले असतात, म्हणून दोन्ही पाय एकमेकांजवळ ओढल्यासारखे येतात. नखांची टोकं चामड्यात रुतून दिसेनाशी होतात. पट्ट्याखाली टार्ससवरचे खवलेही झाकले जातात, ते वरच्या उघड्या भागावरून किंवा दुसऱ्या फोटोवरून पुरे करावेत. सोनेरी गरुडाचा हा त्रास वाचतो, कारण त्याचा टार्सस बोटांपर्यंत पिसांनी भरलेला असतो. त्याला उघडा पिवळा पाय दिला की जातच बदलते. ससाण्यांना बहुधा सपाट माथ्याच्या ठोकळ्यावर बसवतात आणि शिक्रे किंवा हॉक जातीच्या पक्ष्यांना कमानीसारख्या दांडीवर. ठोकळ्यावरची बोटं पसरलेली असतात, दांडीवरची वळलेली. हे ठोकळे किंवा दांडी पुसून तिथे आपल्या मनाची फांदी ठेवली तर बोटं हवेत लटकतात किंवा लाकडात घुसतात. बैठकीची जाडी टार्ससच्या रुंदीच्या किती पट आहे हे फोटोवरच मोजावं आणि चित्रातली फांदी तेवढीच जाड घ्यावी. तळव्याला सूज, खपली किंवा लाल गाठ दिसली तर तो चुकीच्या बैठकीमुळे आणि जिवाणूसंसर्गामुळे होणारा रोग असतो, तो गाळावा.

पिसांबद्दल थोडक्यात. पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या शेपटीची टोकं जाळीवर आपटून तुटलेली असतात. कधी सगळ्या शेपटीवर एकाच रेषेत फिकट आडवी चीर दिसते. पिल्लाची सगळी पिसं एकाच वेळी वाढतात, त्या काळात उपासमार किंवा ताण आला की तेवढ्या भागात पीस कच्चं राहतं. मोठ्या पक्ष्याची पिसं टप्प्याटप्प्याने गळून येतात, म्हणून त्याच्या चिरा अशा एका रेषेत येत नाहीत. ही रेषा नक्षी समजून रंगवलेली चित्रं सर्रास दिसतात. तुटलेल्या पिसाच्या दांडीत दुसऱ्या पक्ष्याचं गळलेलं पीस बसवण्याचीही पद्धत आहे. एकच पीस वेगळ्या छटेचं असेल तर आधी दांडीवर जोड शोधावा.

उघडी चोच म्हणजे किंकाळी हाही एक गैरसमज. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. उन्हात बांधलेला गरुड धापा टाकून अंग थंड करतो, तेव्हा चोच उघडी, पंख किंचित खाली आणि पिसं अंगाला चिकटलेली असतात. पंख पसरून, पाठ वाकवून जमिनीवर ओणवलेला ससाणा आपलं अन्न झाकत असतो, हल्ला करत नसतो. आणि माणसाच्या हातावर वाढलेला पक्षी मोठेपणीही पिल्लासारखा अन्नाची मागणी करत ओरडतो. तो फोटो कितीही आवेशाचा वाटला तरी रणगर्जनेसाठी निरुपयोगी.

रंगाचं सर्वांत नामी उदाहरण म्हणजे दाढीवालं गिधाड. रानात त्याची छाती केशरी-तांबूस असते, कारण तो लोहयुक्त चिखलात अंग घोळतो. असा चिखल न मिळालेला पिंजऱ्यातला पक्षी पांढरट राहतो. दोन्ही फोटो खरेच आहेत. इजिप्शियन गिधाडाच्या चेहऱ्याचा पिवळा रंग तर खुरवाल्या जनावरांच्या शेणातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यामुळे येतो, हे 2002 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. बंदिवासात खाणं बदललं की हा पिवळा फिका पडतो. चोचीच्या मुळाशी असलेल्या मऊ कातडीचा आणि पायांचा पिवळाही असाच खाण्यावर अवलंबून असतो. त्यामुळे फोटोवरून रंगाचं नेमकं मिश्रण ठरवण्यापूर्वी त्याच जातीचे रानातले फोटो शेजारी ठेवावेत, दुरून काढलेले आणि धूसर असले तरी चालतील.

जातीचीही खात्री करावी लागते. पाळीव ससाण्यांत संकर सर्रास केले जातात, विशेषतः जिर ससाणा आणि बहिरी ससाण्याचे. फोटोखाली ‘बहिरी ससाणा’ लिहिलेला पक्षी रानातल्या कुठल्याच जातीशी पूर्ण जुळणार नाही, असं होऊ शकतं. वयही बघावं: बहिरी ससाण्याच्या पिल्लाच्या छातीवर उभे फराटे असतात, मोठ्याच्या पोटावर आडवे पट्टे. एकाच चित्रात दोन्ही आले की कुठलाच पक्षी होत नाही. पंखाची प्राथमिक (टोकाकडची लांब) पिसं 10 आणि शेपटीची बहुतेक जातींत 12, ही मोजणी वस्तुसंग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या नमुन्यावर सोपी पडते. मात्र त्या नमुन्याचे डोळे काचेचे असतात, पाय आणि चोचीच्या मुळाची कातडी वाळल्यावर रंग उडतो आणि बऱ्याचदा त्यावर वरून रंग लावलेला असतो, म्हणून तिथून फक्त पिसं घ्यावीत.