५० हर्ट्झची वीज, १०० हर्ट्झचा हम

स्पीकरमधून हमिंग, म्हणजे सततची घूं, आली की फिल्टर कंडेन्सर (डीसी सपाट करणारे) बदला, हा सल्ला व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या निर्वात नळ्यांच्या) रेडिओपासून चालत आला आहे. जुन्या रेडिओत तो बहुतेक वेळा लागूही पडतो, कारण इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वयोमानानं सुकतात. पण हौसेनं घरी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर बांधणारे कोऱ्या सेटमध्येही तेच करत राहतात. कंडेन्सर दुप्पट करतात, चोक (चढउतार अडवणारी कॉइल) वाढवतात, तरी स्पीकरमधली घूं जागची हलत नाही. अशा वेळी बहुतेकदा उच्चदाबाच्या, म्हणजे प्लेटच्या जास्त व्होल्टेजच्या, बाजूला शोधून काही सापडत नाही. बघायला हवं ते व्हॉल्व्हची तार तापवणाऱ्या पाच-सहा व्होल्टच्या पुरवठ्याकडे.

व्हॉल्व्हमध्ये कॅथोड तापला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे धावतात. किती धावायचे ते मधली ग्रिड ठरवते. ईसीसी८३सारख्या व्हॉल्व्हमध्ये कॅथोड म्हणजे एक बारीक नळी असते आणि तिच्या पोटात वेगळी हीटरची तार. या हीटरला ६.३ व्होल्ट एसी दिला तरी चालतं, फक्त काळजी घ्यावी लागते. दोन्ही वायरी घट्ट पिळून चासीच्या कडेनं न्यायच्या, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. हीटरच्या दोन टोकांमध्ये १०० ओहमचे दोन रेझिस्टर घालून मधला बिंदू तयार करायचा आणि तो कॅथोडपेक्षा ३०-४० व्होल्ट वर ठेवायचा. तापलेला हीटर स्वतःही थोडे इलेक्ट्रॉन सोडतो. तो धन बाजूला असला की ते कॅथोडकडे जात नाहीत. एवढ्यानं हे व्हॉल्व्ह शांत होतात.

खरी परीक्षा ३००बी घेतो. वेस्टर्न इलेक्ट्रिकनं १९३८ साली आणलेला हा ट्रायोड (कॅथोड, ग्रिड आणि प्लेट असलेला व्हॉल्व्ह) आजही हौशी लोकांचा लाडका आहे. यात वेगळा कॅथोड नाही, तापणारी तार (फिलामेंट) हाच कॅथोड. तिला ५ व्होल्ट, १.२ अँपिअर लागतात. एसी दिला की तारेच्या एका टोकाला दाब (व्होल्टेज) वर जातो, दुसऱ्याला खाली, आणि सेकंदाला ५० वेळा ही उलटापालट चालते. म्हणून तारेच्या दोन टोकांवर हमपॉट, म्हणजे मधला स्लायडर फिरवता येणारा रेझिस्टर, लावतात आणि त्याचा स्लायडर बरोबर मध्ये आणतात. एका टोकाचा चढ दुसऱ्याच्या उतारानं भरून निघतो आणि ५० हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो.

तरी घूं उरते, आणि मोजली तर ती १०० हर्ट्झची निघते. हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. ट्रायोडचा प्रवाह ग्रिड आणि प्लेटच्या एकत्रित परिणामी व्होल्टेजच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतो. समजा, तारेच्या मध्यावर हा परिणामी दाब १६ आहे. १६चा दीड घात ६४, म्हणजे दोन्ही टोकं मध्यासारखीच असती तर त्यांची बेरीज १२८ झाली असती. आता एसीमुळे एक टोक ४ नं वर गेलं, दुसरं ४ नं खाली. २०चा दीड घात ८९.४, १२चा ४१.६. बेरीज १३१. वाढलेलं आणि घटलेलं सारखं नाही! अर्ध्या चक्रानंतर टोकांची अदलाबदल होते, पण बेरीज पुन्हा १३१च. म्हणजे एका चक्रात प्रवाह दोनदा फुगतो, ५० चे १०० होतात. मधल्या बिंदूंवर फरक कमी असल्यामुळे पूर्ण तारेचा परिणाम यापेक्षा लहान असतो, पण संवेदनशील हॉर्न स्पीकरवर तो ऐकू येतो. हमपॉट कितीही फिरवा, हा हम जात नाही. त्यात तारेचं तापमानही सेकंदाला १०० वेळा किंचित वरखाली होत असतं.

सोन्याचा मुलामा दिलेली महागडी पॉवर केबल लावली की हम जातो, असं सांगून लोकांकडून हजारो रुपये घेतले जातात. तारेला एसीच मिळत असेल तर वरची बेरीज केबलमुळे बदलत नाही. हा पैसा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) खर्च करावा.

उपाय डीसीचा. पण नुसता ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) आणि १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावून भागत नाही. १.२ अँपिअरला दोन शिखरांमधल्या १० मिलिसेकंदांत त्यावरचा दाब साधारण १.२ व्होल्टनं पडतो, आणि ५ व्होल्टच्या तारेवर हा रिपल (चढउतार) फार झाला. पुढे रेग्युलेटर हवाच, आणि तो व्होल्टेजऐवजी करंट स्थिर ठेवणारा असावा. एलएम३१७ या रेग्युलेटर आयसीचा आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट यांच्यामध्ये १.०४ ओहम घातला की १.२५ व्होल्ट भागिले १.०४, म्हणजे १.२ अँपिअर मिळतात. फायदे दोन. थंड तारेचा रोध कमी असतो, तरी सुरुवातीचा झटका बसत नाही. आणि गाण्याचा सिग्नलही याच तारेतून जात असल्यामुळे, व्होल्टेज रेग्युलेटरसारखी कमी रोधाची आडवाट त्याला न मिळणं बरं.

ट्रान्सफॉर्मरचं सेकंडरी ९ व्होल्टचं चालतं, पण ते अडीच-तीन अँपिअरचं घ्या. कंडेन्सर छोट्या, जोरदार ठोक्यांनी भरतो, म्हणून एसी बाजूचा करंट डीसीपेक्षा बराच जास्त असतो. त्याच कारणानं ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि पहिला कंडेन्सर यांच्या वायरी आखूड ठेवा, आणि हे ठोके चासीतून वाहू देऊ नका. दोन चॅनेलना दोन स्वतंत्र पुरवठे लागतात. तारच कॅथोड असल्यामुळे ती सामायिक करता येत नाही.

एवढं बांधण्याआधी दोष खरंच इथेच आहे का, ते तपासता येतं. सेट बंद करा, कंडेन्सर पूर्ण डिस्चार्ज झालेत याची मीटरनं खात्री करा. तारेचं एसी कनेक्शन सोडवून तिथे ६ व्होल्टची लेड अ‍ॅसिड बॅटरी, सिरीजमध्ये १ ओहम ५ वॉटचा रेझिस्टर घालून जोडा. हमपॉट आहे तसाच राहू द्या. सेट चालू केल्यावर घूं गेली, तर गुन्हेगार फिलामेंटचा पुरवठाच. राहिली, तर अर्थिंग आणि उच्चदाबाकडे वळा. सेल्फ बायसच्या (कॅथोडखालच्या रेझिस्टरनं ग्रिडचा दाब ठरवणाऱ्या) सेटमध्ये तार जमिनीपेक्षा ७०-८० व्होल्ट वर असते, तेव्हा ती बॅटरी कोरड्या लाकडावर ठेवा आणि सेट चालू असताना तिला हात लावू नका.