हौशी धावपटूंची शर्यतीतील लबाडी

हौशी धावपटूंची शर्यतीतील लबाडी : रस्त्यावरच्या शर्यतीत ठरलेले अंतर पुरते न धावता, किंवा मुळीच न धावता, आपल्या नावावर वेळ लावून घेणे. १० किमी, हाफ मॅरेथॉन (२१.०९७५ किमी), मॅरेथॉन (४२.१९५ किमी) आणि त्याहून लांबच्या अल्ट्रा शर्यती या सगळ्यांत हा प्रकार आढळतो. हौशी म्हणजे ज्यांचे पोट धावण्यावर चालत नाही असे. मोठ्या मॅरेथॉनला उतरणाऱ्या हजारोंपैकी जवळजवळ सगळे याच वर्गातले असतात. सर्वांत पुढे धावणाऱ्या मूठभरांबरोबर पंच, मोटारसायकली आणि कॅमेरे असतात. मागच्या गर्दीतल्या प्रत्येकावर लक्ष ठेवणे कोणालाच शक्य नसते, त्यामुळे तिथली शर्यत विश्वासावर चालते. या विषयात ‘सिद्ध’पेक्षा ‘संशयित’ हा शब्द जास्त वेळा येतो तो यामुळेच, आणि तो जपून वापरावा लागतो.

इतिहास : मॅरेथॉन जितकी जुनी तितकीच तिच्यातली लबाडीही जुनी आहे. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ग्रीसचा स्पिरिडॉन बेलोकास तिसरा आला. त्याने काही अंतर घोडागाडीतून कापल्याचे उघड झाले आणि तिसरा क्रमांक हंगेरीच्या ग्युला केल्नरला मिळाला. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये फ्रेड लोर्झ सुमारे १४ किमीनंतर पायात गोळे आल्याने थांबला, मोटारीत बसला आणि पुढचे १७-१८ किमी तिच्यातून गेला. मोटार बंद पडल्यावर तो उतरून पळत स्टेडियमात शिरला, तेव्हा लोकांनी त्याला विजेता समजून जल्लोष केला. आपण गंमत केली, असे त्याने नंतर सांगितले. त्याच्यावर घातलेली बंदी पुढे उठली आणि १९०५ ची बॉस्टन मॅरेथॉन त्याने जिंकली.

हौशींच्या बाबतीत सर्वांत गाजलेले प्रकरण १९८० च्या बॉस्टन मॅरेथॉनचे. २१ एप्रिलला रोझी रुईझ महिलांत पहिली आली. वेळ २ तास ३१ मिनिटे ५६ सेकंद. धावण्याच्या जगात तिचे नावही कोणाला माहीत नव्हते. अंतिम रेषेवर ती फारशी दमलेली दिसत नव्हती. मुलाखतीत तिला इंटर्व्हल सरावाबद्दल, म्हणजे जलद आणि सावकाश धाव आळीपाळीने घेण्याबद्दल, विचारले, तर इंटर्व्हल म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हते. ज्याने एकदा जरी वेळेसाठी मॅरेथॉनची तयारी केली आहे, त्याला या एका उत्तरातच सगळे कळते. वाटेतल्या तपासणी ठिकाणी पुढच्या महिलांची नोंद ठेवणाऱ्यांपैकी कोणीही तिला पाहिलेले नव्हते. उलट, शेवटच्या टप्प्यात ती बघ्यांच्या गर्दीतून रस्त्यावर आल्याचे पाहणारे साक्षीदार पुढे आले. ज्या १९७९ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या वेळेवर तिला बॉस्टनचा प्रवेश मिळाला होता, त्या दिवशी ती भुयारी रेल्वेत होती, असे एका छायाचित्रकार महिलेने सांगितले. दोन्ही शर्यतींनी तिचे निकाल रद्द केले. रुईझने मात्र कधीही जाहीर कबुली दिली नाही.

प्रकार : सर्वांत जास्त आढळतो तो शॉर्टकट. जाण्या-येण्याचा रस्ता एकच असला की मधल्या दुभाजकापलीकडे परतणारे धावपटू दिसत असतात. यू-टर्न अजून दोन-तीन किलोमीटर पुढे असतो, पाय जड झालेले असतात, आणि दुभाजक ओलांडायला चार पावले पुरतात. चीनमधील शेन्झेन हाफ मॅरेथॉनमध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये २५८ जण पकडले गेले. त्यांपैकी २३७ जणांनी शॉर्टकट मारला होता, १८ जणांकडे बनावट बिब (छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद) होते आणि तिघे दुसऱ्याच्या नावावर धावत होते. झाडीतून पलीकडच्या रस्त्यावर जाणाऱ्यांचे चित्रण वाहतूक कॅमेऱ्यांत आले होते.

दुसरा प्रकार डमीचा. परीक्षेला डमी बसवतात तसा शर्यतीला डमी उतरवायचा. छातीवरचे बिब आणि त्याला चिकटवलेली, वेळ नोंदवणारी चिप एकाची, पाय दुसऱ्याचे. निकालात नाव बिबवाल्याचे लागते. अमेरिकेत अशा भाडोत्री धावणाऱ्याला ‘बिब म्यूल’, म्हणजे बिब वाहून नेणारे खेचर, म्हणतात. एकच जण दोन चिपा घेऊन धावतो तो याचाच भाऊ. दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किमीच्या कॉम्रेड्स मॅरेथॉनमध्ये १९९९ साली एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन भावांनी वाटेतल्या फिरत्या शौचालयांत कपडे आणि बिब बदलत आळीपाळीने धाव घेतली आणि नववा क्रमांक मिळवला. वर्तमानपत्रांतले फोटो शेजारी ठेवल्यावर एकात घड्याळ डाव्या मनगटावर, दुसऱ्यात उजव्या मनगटावर दिसले, आणि बिंग फुटले.

दुखापत झालेल्याने आपले बिब मित्राला देऊन टाकणे याकडे बरेच जण लबाडी म्हणून पाहत नाहीत. पैसे भरले आहेत, वाया कशाला घालवायचे, असा साधा हिशेब असतो. परंतु बिबच्या क्रमांकामागे नाव, वय आणि तातडीच्या वेळी कळवायचा फोन नंबर असतो. मित्र वाटेत कोसळला तर फोन चुकीच्या घरी जातो आणि वैद्यकीय पथक चुकीच्या माणसाची माहिती वाचत बसते. शिवाय तिशीतल्या मित्राने साठीच्या गटातल्या बिबवर धाव घेतली, तर त्या वयोगटाचे पोडियम नकळत पालटते. म्हणून परवानगीशिवायची बिबबदली बहुतेक आयोजक नियमबाह्य धरतात, आणि ते योग्यच आहे. बनावट बिब छापणे, वय खोटे लावणे, वाटेत वाहनात बसणे, निकालाचे प्रमाणपत्र संगणकावर बदलून प्रवेशासाठी पाठवणे हे प्रकार तुलनेने कमी, पण तेही घडतात.

संशय कसा येतो : आधी वेळ लोकांच्या हाती असलेल्या घड्याळावर मोजली जाई. १९९० च्या दशकात चिप आली आणि चित्र पालटले. बॉस्टनने ती १९९६ मध्ये, आपल्या शंभराव्या शर्यतीत वापरली. आज बहुतेक ठिकाणी चिप बिबच्या मागेच असते आणि रस्त्यावर आडव्या टाकलेल्या टायमिंग मॅटवरून जाताना तिची नोंद होते. मोठ्या मॅरेथॉनमध्ये साधारण दर ५ किमीला मॅट असते. या टप्प्यांच्या वेळांना धावपटू ‘स्प्लिट’ म्हणतात. लबाडीचा तपास बहुतेक वेळा या स्प्लिटच्या गणितापासून सुरू होतो.

समजा, एकाची नोंद अशी आहे : ५ किमी ३३ मिनिटे ४० सेकंद, १० किमी १ तास ७ मिनिटे ५० सेकंद, १५ किमी १ तास ४२ मिनिटे ३० सेकंद. २० आणि २५ किमीच्या मॅटवर नोंद नाही. ३० किमीला थेट २ तास २१ मिनिटे १० सेकंद. पहिले १५ किमी हा माणूस किलोमीटरमागे ६ मिनिटे ५० सेकंदांनी धावला. पुढचे १५ किमी त्याने ३८ मिनिटे ४० सेकंदांत संपवले, म्हणजे किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ३५ सेकंद. केनियाच्या केल्विन किप्टमने ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोत २ तास ३५ सेकंदांची विश्वविक्रमी मॅरेथॉन धावली, तेव्हा त्याची सरासरी किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ५१ सेकंद होती. इथे वाद घालायला जागा उरत नाही.

आता दुसरी नोंद पाहा. १० किमी ५८ मिनिटे १० सेकंद, १५ किमीला काहीच नाही, २० किमी १ तास ५७ मिनिटे. मधल्या १० किमीला ५८ मिनिटे ५० सेकंद लागले, म्हणजे चाल तीच राहिली. इथे मॅटने चिप वाचली नाही, एवढेच झाले आहे. बिब चुरगळलेले असेल, पाण्याची बाटली अडकवलेल्या कमरपट्ट्याखाली दबले असेल किंवा जॅकेटखाली अंगाला चिकटले असेल, तर चिप वाचली न जाणे अगदी शक्य असते. मॅट हुकली एवढ्यावरून कोणाला चोर म्हणणे हा अडाणीपणा आहे. हुकलेल्या मॅटच्या दोन्ही बाजूंची चाल जुळते का, हे आधी पाहावे.

गणितानंतर फोटो येतात. शर्यतीच्या वाटेवर अनेक ठिकाणी छायाचित्रकार असतात आणि बिबच्या क्रमांकावरून फोटो शोधता येतात. प्रत्येक ठिकाणी तोच चेहरा, तेच बूट, तीच टोपी आहे का, हे तपासले जाते. तिसरा पुरावा मनगटावरच्या जीपीएस घड्याळाचा. २०१७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात एका हाफ मॅरेथॉनमध्ये एक धावपटू महिलांत दुसरी आली. तिच्या अंतिम रेषेवरच्या फोटोत घड्याळाची तबकडी समोर होती. फोटो मोठा करून पाहिला तर अंतर दिसले ११.६५ मैल. हाफ मॅरेथॉन असते १३.१ मैलांची. तिने नंतर ऑनलाइन टाकलेल्या नोंदीत अंतर पूर्ण होते, पण पावलांची लय धावणाऱ्याची नव्हती. त्याच मार्गावर मागाहून सायकल चालवून ती नोंद बनवलेली होती. अखेर तिने कबुली दिली. दीड मैल चुकवणे क्षणाच्या मोहात होऊन जाते. मागाहून सायकल काढून पुन्हा त्या रस्त्यावर जाण्याला मात्र मोह म्हणता येत नाही.

जीपीएस हाही डोळे झाकून मानायचा पुरावा नाही. उंच इमारतींमध्ये आणि बोगद्यांत घड्याळ भरकटते आणि अंतर कमी-जास्त दाखवते.

कारणे : वयोगटातले बक्षीस, नोकरीच्या ठिकाणचे कौतुक, मित्रांच्या गटात ‘सब-४’ म्हणजे चार तासांच्या आत येण्याची प्रतिष्ठा, समाजमाध्यमांवर टाकायचा मेडलसह फोटो. यांतले बरेचसे सुरुवातीला ठरवून होत नाही. माणूस थकतो, बाहेर पडायचे ठरवतो, जवळच्या वाटेने अंतिम रेषेकडे परततो. तिथे स्वयंसेवक गळ्यात मेडल घालतो, लोक टाळ्या वाजवतात आणि ‘मी पूर्ण धावलो नाही’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. २०२३ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर ते लिव्हरपूल अल्ट्रा शर्यतीत आंतरराष्ट्रीय अनुभव असलेल्या एका धावपटूने काही अंतर मोटारीतून कापले आणि नंतर तिसऱ्या क्रमांकाचा चषक स्वीकारला. तिला १२ महिन्यांची बंदी झाली. शर्यत सोडण्यात काहीही गैर नसते. प्रश्न चषक हातात घेण्याच्या त्या घडीचा होता.

बॉस्टनचा प्रवेश हे कारण वेगळे आहे, कारण ते ठरवून घडते. तिथे वय आणि लिंगानुसार पात्रता वेळ लागते. २०२६ च्या शर्यतीसाठी १८ ते ३४ वयाच्या पुरुषांना २ तास ५५ मिनिटे आणि महिलांना ३ तास २५ मिनिटे अशी मर्यादा होती. अर्ज जागांपेक्षा जास्त आल्याने ती गाठणेही पुरले नाही; तिच्याहून ४ मिनिटे ३४ सेकंद वेगवान असलेल्यांनाच प्रवेश मिळाला. २०२५ साठी हाच फरक ६ मिनिटे ५१ सेकंदांचा होता. जिथे सेकंदांवर प्रवेश ठरतो, तिथे खोट्या वेळेवर आत गेलेला प्रत्येक जण एका खऱ्या धावपटूला बाहेर ठेवतो. पहाटे चारला उठून वर्षानुवर्षे सराव केलेल्या त्या माणसाला आपली जागा कोणी घेतली हे कधीच कळत नाही.

कारवाई आणि आरोपाची मर्यादा : शिक्षा साधारणपणे निकाल रद्द होण्याची, कधी बंदीची. शेन्झेनमध्ये बनावट बिब आणि डमी प्रकरणांत कायमची, शॉर्टकटसाठी दोन वर्षांची बंदी झाली. मेक्सिको सिटी मॅरेथॉनमध्ये २०१७ मध्ये हजारोंचे निकाल बाद झाले. प्रतिबंध म्हणून काही आयोजक यू-टर्नवर रंगीत रबरबँड देतात, जाहीर न केलेल्या जागी मॅट टाकतात, बिब देताना फोटो असलेले ओळखपत्र पाहतात. साधा रबरबँड अनेकदा महागड्या यंत्रणेइतकाच उपयोगी पडतो.

निकाल आणि फोटो आता सगळ्यांना खुले असल्याने तपास कोणीही करू शकतो, आणि धोका इथेच आहे. हाफ मॅरेथॉनची वेळ गेल्या वर्षीपेक्षा वीस मिनिटांनी कमी झाली, वयाच्या मानाने चाल जास्त आहे, दुसरी फेरी पहिलीपेक्षा जलद झाली, एवढ्यावर नाव घेऊन बोट दाखवले जाते. यांतली प्रत्येक गोष्ट प्रामाणिक धावपटूच्या बाबतीतही घडते. चांगल्या सरावाचे फळ असेच दिसते. अमेरिकेत २०१९ मध्ये निकाल रद्द झालेल्या एका वृद्ध धावपटूने काही दिवसांतच आत्महत्या केली. आरोप त्याने शेवटपर्यंत नाकारले होते. प्रस्तुत लेखकाच्या मते संशयाचा पहिला पत्ता आयोजक हाच असावा. त्याच्याकडे मॅटची मूळ नोंद असते, धावपटूचा नंबर असतो आणि त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची जबाबदारीही असते. दुरुस्ती निकालाच्या यादीत व्हायला हवी. त्यासाठी चौकात नाव टांगण्याची गरज नसते.

यादी दुरुस्त झाली तरी काही गोष्टी परत येत नाहीत. १९८० मध्ये बॉस्टनला खरी पहिली आली होती कॅनडाची जॅकलिन गारो, २ तास ३४ मिनिटे २८ सेकंदांत. ती अंतिम रेषेवर पोहोचली तेव्हा विजेतीचे स्वागत आटोपले होते आणि आपण दुसऱ्या आलो असे तिला सांगण्यात आले. आठ दिवसांनी, २९ एप्रिलला, रुईझला बाद करून गारोला विजेती घोषित केले गेले. २००५ च्या बॉस्टन मॅरेथॉनची ग्रँड मार्शल म्हणून तिला सन्मानाने बोलावण्यात आले, तेव्हा त्या शर्यतीला पंचवीस वर्षे झाली होती.