शिवण पांढरीच राहिली

मंजिष्ठेच्या, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळ्यांच्या, पातेल्यातून कुर्ता बाहेर काढला तेव्हा कापड विटेच्या रंगाचं झालं होतं आणि शिवण मात्र पांढरी. खांदा, बगल, बाही, घेर, जिथे जिथे मशीनची टीप पडली होती तिथे तिथे लाल कापडावर पांढरी रेघ उठून दिसत होती. मावशीने चष्मा लावला, नखाने एक टाका उचलून पाहिला आणि विचारलं, "रीळ कुठलं वापरलंस गं?"

रीळ पॉलिएस्टरचं होतं. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, ग्लुकोजच्या हजारो कड्यांची लांबच लांब साखळी. प्रत्येक कडीवर हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी. पाणी, धातूंचे क्षार, झाडांतली तुरट द्रव्यं या गटांना धरून राहू शकतात. पॉलिएस्टर खनिज तेलापासून बनतं. त्याच्या साखळीत असे गट जवळजवळ नसतात आणि साखळ्या इतक्या दाटीने बसलेल्या असतात की पाणीदेखील आत शिरत नाही. कारखान्यात पॉलिएस्टर रंगवायला वेगळ्या जातीचे रंग, दाबाखालचं पाणी आणि साधारण 130 अंश सेल्सिअस तापमान लागतं. आमच्या चुलीवर ते कुठून यायचं? कापडाने रंग घेतला, दोऱ्याने त्याला दारातही उभं केलं नाही.

आम्ही सहा जण मे महिन्यात आठ दिवसांसाठी जुन्नर तालुक्यातल्या मावशीच्या घरी जमलो होतो. प्रत्येकाने स्वतःसाठी एक कपडा बेतायचा, शिवायचा आणि झाडांच्या रंगात रंगवायचा, एवढंच ठरलं होतं. ऊन तापायच्या आत रंगाचं काम, दुपारी पडवीत शिवणाचं. अंगणात एका अंगाला कुरडया आणि सांडगे, दुसऱ्या अंगाला दोरीवर वाळणारी खादी. विश्रांतीसाठी आलो होतो हे खरं, पण दोन दिवसांत कळलं की इथे जिथे जिथे थांबावं लागतं, तिथे तिथे रेणूंचं काहीतरी काम चाललेलं असतं.

पहिला अख्खा दिवस नुसतं कापड धुण्यात गेला. खादी वर्ध्याच्या मगन संग्रहालयातली होती. गांधीजींच्या हस्ते 1938 साली उघडलेली ही संस्था आजही झाडांच्या रंगांवर काम करते. नवं कापड स्वच्छ दिसतं, पण कापसाच्या तंतूवर जन्मतःच मेणाचा आणि पेक्टिनचा पातळ थर असतो, शिवाय विणताना सुतावर चढवलेली खळ असते. कोऱ्या कापडावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा बसून राहतो. धुण्याचा सोडा घालून तासभर उकळलं की पाणी चहासारखं तांबूस होतं, आणि मग तोच थेंब टाकताक्षणी जिरतो. थेंब जिरेपर्यंत पुढे जायचं नाही, हा मावशीचा नियम. धुताना कापड आटतं तेही याच वेळी आटून घेतं. मागावर ताणून धरलेलं सूत भिजल्यावर सैल होतं आणि मूळ लांबीकडे परततं. न धुता बेतलेला कुर्ता पहिल्या धुण्यात आखूड होतो तो यामुळे.

दुसरा दिवस हिरड्याचा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात हिरडा गोळा करतात, आणि त्यांच्या हाती येणाऱ्या रोख पैशात या फळाचा मोठा वाटा असतो. ज्याने खोकल्याला आराम पडतो म्हणून आपण तो ओळखतो, त्या हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. तुरट चव ही टॅनिनचीच: ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते. ज्या गुणामुळे ते लाळेला चिकटतं, त्याच गुणामुळे ते कापसालाही धरून बसतं. कापडाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी हिरड्याची पूड कोमट पाण्यात, आणि त्यात कापड रात्रभर. सकाळी ते फिकट पिवळं झालेलं असतं.

मग तुरटी. झाडांचे बहुतेक रंग कापसाला थेट धरत नाहीत, त्यांना मध्ये धातूचा दुवा लागतो. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो दुवा होतं. रेशीम आणि लोकर प्रथिनांची असल्याने तुरटी सहज धरतात, कापसाला ते तितकं जमत नाही, म्हणून आधी हिरड्याचं टॅनिन. टॅनिन कापसाला धरतं, ॲल्युमिनियम टॅनिनला धरतं, रंग ॲल्युमिनियमला. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. त्यात चिमूट-चिमूट सोडा टाकला की फेस उसळतो, आम्लता उतरते आणि ॲल्युमिनियम कापडावर बसायला अधिक राजी होतं. यानंतर कापड वाळवून दोन दिवस तसंच ठेवायचं. आमच्यातल्या एकाने ते त्याच संध्याकाळी रंगात टाकलं. रंग चढला, आणि पहिल्याच धुण्यात निम्मा उतरला, कारण नीट न बसलेलं ॲल्युमिनियम रंगाला सोबत घेऊनच पाण्यात गेलं. पूर्वीचे रंगारी या टप्प्यावर कापड शेणाच्या पाण्यातून काढत. शेणातले फॉस्फेट ॲल्युमिनियमला पक्कं करतात आणि सुटा राहिलेला क्षार धुऊन निघतो. युरोपातल्या छिटांच्या, म्हणजे छापील सुती कापडाच्या, कारखान्यांतही अठराव्या शतकात शेणाची कुंडं होती.

मंजिष्ठा माझी आवडती. बोटाएवढ्या जाडीच्या तांबड्या मुळ्या, कापडाच्या वजनाइतक्याच घेतल्या आणि आदल्या रात्री भिजवल्या. त्यांतले पर्प्युरिन, मंजिष्टिन हे रंगरेणू अँथ्राक्विनोन कुळातले. या रेणूंवर शेजारी-शेजारी बसलेले दोन ऑक्सिजन असतात आणि ते ॲल्युमिनियमला दोन बाजूंनी चिमट्यासारखे पकडतात. पकड बसली की रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, तो प्रकाशाचा वेगळा भाग शोषू लागतो आणि पिवळट-नारिंगी पाण्यातून लाल कापड बाहेर येतं. ॲल्युमिनियमच्या जागी लोखंड असेल तर तोच रेणू जांभळट दिसतो. आच मंद ठेवायची, उकळी आली की तपकिरी झाक मारते. पाणी मात्र विहिरीचं, जड, चालतं. चालतं काय, चांगलं असतं, त्यातलं कॅल्शियम लाल रंग खुलवायला मदत करतं. पातेलं स्टीलचं घ्यायचं, लोखंडी घेतलं तर ते स्वतःच रंगात उतरतं.

हे ज्ञान किती जुनं असावं? मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. चांदीच्या क्षारांमुळे तो साडेचार हजार वर्षं कुजला नव्हता. 1920च्या दशकात मुंबईत माटुंग्याच्या कापूस तंत्र प्रयोगशाळेत गुलाटी आणि टर्नर यांनी अशा अवशेषांची तपासणी केली. तंतू खऱ्या कापसाचा ठरला आणि रंग मंजिष्ठेच्या वर्गातला. म्हणजे कापसावर लाल रंग धरण्यासाठी मध्ये धातूचा क्षार लागतो, हे सिंधूकाठच्या कुणा रंगाऱ्याला तेव्हाच हाताने कळलेलं होतं. पातेल्यात काठी फिरवताना मला वारंवार त्याची आठवण येत होती.

काळ्या रंगाची तयारी मावशीने तीन आठवडे आधीच केली होती. माठात गूळ, पाणी आणि गंजलेले खिळे. गुळाचं आंबून आधी मद्य आणि मग ॲसिटिक आम्ल होतं, म्हणजे व्हिनेगरचंच आम्ल. ते लोखंड विरघळवतं. हिरड्यात भिजलेलं पिवळट कापड या पाण्यात बुडवलं आणि डोळ्यांदेखत ते राखाडी, मग काळं झालं. विळीवर आवळा किंवा केळफूल चिरलं की पातं काळं पडतं, तीच ही क्रिया. युरोपात शेकडो वर्षं हस्तलिखितं लिहिली गेली ती शाईही टॅनिन आणि लोखंडाचीच. तिने अनेक ठिकाणी कागदच खाल्ला आहे. कापडाचंही तसंच होतं: लोखंड जास्त झालं तर सेल्युलोजच्या साखळ्या तुटत जातात आणि काही वर्षांत काळा भाग विरतो. म्हणून बुडवणं क्षणभराचं आणि खळबळून धुणं भरपूर.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. 'नैसर्गिक' हा शब्द ऐकून बिनधास्त होऊ नका. मोरचूद आणि पोटॅशियम डायक्रोमेट यांनीही झाडांचे रंग पक्के करतात. मोरचूद पाण्यातल्या जिवांना घातक आहे, डायक्रोमेटमुळे कर्करोग होऊ शकतो. घरच्या अंगणात ती वापरू नयेत. तुरटी आणि थोडं लोखंड यांत पुष्कळ छटा मिळतात. रंगाची पातेलीही स्वयंपाकात परत नेऊ नयेत.

निळीचा न्याय मात्र अगदी वेगळा. तिला हिरडा नको, तुरटी नको. तिची अडचण वेगळीच आहे: ती पाण्यात विरघळतच नाही. नीळीच्या पानात निळा रंग नसतोच. तिथे असतं इंडिकन, साखरेला जोडलेला एक रंगहीन रेणू. पानं पाण्यात भिजली की विकरं साखर तोडतात, उरलेल्या इंडॉक्सिलचे दोन-दोन रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन जोडले जातात आणि निळा गाळ खाली बसतो. त्याच्या वड्या आम्ही विकत आणल्या होत्या. (कपड्यांना घालायची जुनी नीळ वेगळी. ती अल्ट्रामरीन नावाची खनिज भुकटी, झाडाशी तिचा संबंध नाही.)

या वड्या विरघळवायच्या तर ऑक्सिजनने जे केलं ते उलटवावं लागतं, म्हणजे निळीला इलेक्ट्रॉन परत द्यावे लागतात. एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फळांतली साखर हे प्रमाण. आम्ही गुळावर सुरुवात केली आणि दिवसभर काही होईना. उसाची साखर म्हणजे सुक्रोज, ते दुसऱ्या रेणूला इलेक्ट्रॉन देत नाही. ते काम ग्लुकोज-फ्रुक्टोजचं, आणि गुळात ती थोडीच असतात. मावशीने काळी पडलेली डझनभर केळी उकळून त्यांचं पाणी ओतलं. केळं पिकताना त्यातल्या स्टार्चचीच साखर झालेली असते. दक्षिणेतले रंगारी टाकळ्याचं बी शिजवून घालतात, त्यावर जिवाणू पोसले जातात आणि ते हेच काम आठवडाभरात करतात. आमच्या पिंपात दुसऱ्या दिवशी सकाळी वर तांब्यासारखी चकाकणारी साय आली होती आणि खाली पाणी पिवळट हिरवं. नीळ विरघळली होती.

ओलं कापड सावकाश, बुडबुडे न करता आत सोडलं. बुडबुडा म्हणजे ऑक्सिजन, आणि ऑक्सिजन म्हणजे विरघळलेली नीळ पुन्हा गाळ. पाच मिनिटांनी वर काढलं तेव्हा कापड पोपटी होतं. मग कडांपासून हिरवं, मोरपंखी, निळं. सहा जण होतो, कुणी बोलत नव्हतं. तंतूच्या आत शिरलेला रेणू तिथेच ऑक्सिजन घेऊन पुन्हा अविद्राव्य होतो आणि अडकून पडतो. गडद रंग हवा असेल तर एकदाच तासभर बुडवून चालत नाही. थोडा वेळ आत, थोडा वेळ हवेवर, असं सहा-सात वेळा करावं लागतं.

या रंगाने माणसांना फार छळलंही आहे. नीळ पिकवण्याच्या सक्तीविरुद्ध 1917 साली चंपारणचे शेतकरी गांधीजींबरोबर उभे राहिले. त्याच्या वीस वर्षं आधी, 1897 मध्ये, जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली होती आणि शेतातल्या निळीचा भाव पडत चालला होता. मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीतला लाल रंगरेणू ॲलिझरिन तर 1868 मध्येच प्रयोगशाळेत तयार झाला. जगाचे सगळे कपडे पुन्हा मुळ्या-पानांवर रंगवावेत असं मला वाटत नाही. एका कुर्त्याला कुर्त्याच्या वजनाची मुळी लागत असेल तर तेवढी जमीन आणि पाणी आणायचं कुठून?

दुपारच्या शिवणातही असंच थांबणं होतं. वहिनीने घेरदार परकर उरेब, म्हणजे विणीला तिरका, कापला. ताण्याच्या दिशेने ओढलं तर सूतच ताणावं लागतं, म्हणून कापड फारसं वाढत नाही. तिरकं ओढलं की ताणा आणि बाणा कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर फिरतात आणि कापड लवतं. उरेब परकर अंगावर सुंदर पडतो तो यामुळे, आणि खालची कड वेडीवाकडी लोंबते तीही यामुळेच. तो रात्रभर दोरीवर टांगून ठेवला. सकाळी वजनाने काही भाग दोन बोटं खाली उतरला होता. तो कापून मगच दुमड घातली.

पहिल्याच दिवशी आम्ही हळद, डाळिंबाची साल, झेंडू, मंजिष्ठा आणि नीळ यांच्या मावशीकडच्या जुन्या पट्ट्या अर्ध्या पुठ्ठ्याखाली झाकून गच्चीवर ठेवल्या होत्या. वैशाखाच्या उन्हाइतकी कडक परीक्षा घ्यायला दुसरं कोण आहे? आठव्या दिवशी पुठ्ठा काढला. हळदीची उघडी बाजू जवळजवळ पांढरी: अतिनील किरण तिच्या कर्क्युमिनचा रेणू मोडतात. झेंडू थोडा उतरला होता, डाळिंबाचा पिवळा त्याहून कमी. मंजिष्ठा आणि नीळ यांच्यावरची सीमारेषा शोधावी लागली. झाकलेल्या हळदीवर मावशीने साबणाचं बोट टेकवलं आणि डाग लाल झाला. हळदीचा असा लाल होणारा गुण चुन्यानेही जागा होतो, कुंकू त्यातूनच करतात.

माझा कुर्ता शेवटच्या दोन दुपारी उसवला. टीप निघाली तेव्हा तिच्याखाली आणखी एक फिकट रेघ होती, घट्ट दाबल्या गेलेल्या कापडात रंग शिरलाच नव्हता. बांधणी करणारे गाठ मारून जे मुद्दाम करतात ते शिवणीने नकळत केलं होतं. सुती दोऱ्याची एक लडी हिरडा आणि तुरटीतून काढली आणि मंजिष्ठेच्या उरलेल्या पाण्यात टाकली. पातेल्यात आता रंग थोडाच राहिला होता, दोरा गुलाबी झाला. त्याच दोऱ्याने हाताने धावदोरा घालत, सुईच्या जुन्या भोकांवरून, कुर्ता पुन्हा शिवला. निघताना एक बाही बाकी होती. ती मावशीने तिच्याकडेच ठेवून घेतली.